रजा मंजूर, साकुरा हजर!

साकुरा बघायला जपानला जायचं, हे हल्ली निम्म्या ऑफिसच्या विशलिस्टवर असतं. पण पैसे, व्हिसा वगैरे पुढच्या गोष्टी. पहिला घोळ असतो रजेचा. कारण टोकियो-क्योटोचा साकुरा बॉसपेक्षा लहरी आहे. तो नक्की कधी फुलेल याचा भरवसा नाही. फुललाच, तर ऐन बहर जेमतेम आठवडाभर. त्यात एखादी जोराची सर आली की खेळ खल्लास. आणि आपण? आपल्याला तीन महिने आधी रजेचा अर्ज टाकायचा असतो, स्वस्तात मिळालं म्हणून पैसे परत न मिळणारं तिकीट काढायचं असतं आणि मग 'बघू या' म्हणत बोटं क्रॉस करून बसायचं असतं.

गंमत बघा. २०२३ मध्ये टोकियोत साकुरा 'अधिकृतपणे' फुलला १४ मार्चला. २०२४ मध्ये २९ मार्चला. तब्बल पंधरा दिवसांचा फरक! आदल्या वर्षीची तारीख डोळ्यांपुढे ठेवून ज्यांनी २०२४ च्या मार्चमधला तिसरा आठवडा बुक केला, त्यांनी टोकियोत हजारो रुपये खर्चून काड्या बघितल्या. 'अधिकृतपणे' हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. टोकियोच्या यासुकुनी देवळाच्या आवारात एक ठरलेलं झाड आहे. हवामान खात्याची माणसं तिथे जातात, मान वर करून कळ्या तपासतात आणि त्या झाडावर पाच-सहा फुलं उमललेली दिसली की टीव्ही कॅमेऱ्यांसमोर जाहीर करतात, टोकियोत साकुरा फुलला! अगदी आपल्याकडे मान्सून केरळात दाखल झाल्याची घोषणा होते ना, तसंच. २००९ पर्यंत बहराचे अंदाजही हे खातंच सांगायचं. नंतर ते काम खासगी हवामान कंपन्यांवर सोपवून ते मोकळे झाले. शहाणे आहेत!

माझ्याकडे एवढा जुगार खेळायला पैसे नव्हते. फ्रीलान्सिंगमध्ये रजा कुणाला मागावी लागत नाही हे खरं, पण मार्चअखेरचे टोकियोतले हॉटेलचे दर बघून मी लॅपटॉप मिटला होता. तेव्हा निशिकासाईला राहणाऱ्या मैत्रिणीनं फोनवर सुचवलं, "अगं, मार्चची वाट कशाला बघतेस? फेब्रुवारीत ये. आपण कावाझूला जाऊ." (निशिकासाई म्हणजे टोकियोतलं आपलं हिंजवडी. आयटीतली भारतीय मंडळी, इंडियन किराणा, शेजारून येणारा फोडणीचा वास, सगळं काही.) मी म्हटलं, "फेब्रुवारीत कसला साकुरा? थंडीनं मरायचंय का?" ती म्हणाली, "तू ये तर!"

म्हणून २०२४ च्या फेब्रुवारीत, तिसऱ्या आठवड्यात, आम्ही दोघी टोकियो स्टेशनवर ओदोरिको एक्स्प्रेसमध्ये बसलो. ओदोरिको म्हणजे नर्तकी. गाडीचं नाव पडलं ते यासुनारी कावाबाता यांच्या 'इझूची नर्तकी' या १९२६ च्या कथेवरून. पुढे १९६८ साली नोबेल मिळवणारे हे लेखक तरुणपणी याच भागात भटकले होते. एका कथेचं नाव एक्स्प्रेस गाडीला द्यायचं, ही कल्पना मला भारीच आवडली.

अडीच तासांचा प्रवास. जाताना डावीकडची खिडकी पकडा, हे माझं पहिलं आणि सगळ्यात मोलाचं ऐका. आतामी सोडलं की गाडी इझू द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्याला चिकटून धावते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला थेट समुद्र, मध्येच बोगदा, बोगद्यातून बाहेर पडलं की पुन्हा समुद्र. कोकण रेल्वेनं गेलेल्यांना हा लपंडाव ओळखीचा वाटेल. हवा स्वच्छ असेल तर दूर समुद्रात ओशिमा बेट दिसतं. त्या बेटाचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खर्चाचंही सांगून टाकते. या ट्रिपसाठी सात दिवसांचा जपान रेल पास घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाली. शिवाय इतो स्टेशनच्या पुढे लोहमार्ग दुसऱ्या कंपनीचा आहे, तिथे हा पास चालतच नाही. सुटी तिकिटं काढा. आणखी पैसे वाचवायचे असतील तर साध्या गाड्यांनी आतामीला गाडी बदलून जाता येतं. वेळ जास्त लागतो, समुद्र तोच दिसतो.

कावाझूला उतरलो आणि पहिल्यांदा जाणवला तो रंग. फोटोत बघून डोक्यात पक्का बसलेला साकुरा फिकट असतो, जवळजवळ पांढरा, लाजल्यासारखा गुलाबी. इथला गुलाबी मात्र चांगलाच ठसठशीत. नऊवारीच्या काठाला शोभेल असा. फुलं मोठी, फांदीला गच्च लगडलेली. आणि खाली पिवळीधमक फुलं. त्यांना म्हणतात नानोहाना, मोहरीच्याच कुळातली. वर गुलाबी, खाली पिवळं, मागे निळं आभाळ! 'डीडीएलजे'तलं शेत आणि साकुरा एकाच फ्रेममध्ये. माझ्या फोनची मेमरी पहिल्या अर्ध्या तासातच रडायला लागली.

स्टेशनपासून दोन-चार मिनिटांवर कावाझू नदी. नदी कसली, आपल्याकडे तिला ओढा म्हणतील. तिच्या बांधावरून समुद्रापासून डोंगराच्या दिशेनं जवळपास चार किलोमीटर साकुराची रांग चालत जाते. या रांगेत साधारण ८५० झाडं आणि अख्ख्या गावात मिळून आठेक हजार. गावाची लोकसंख्या सात हजारांहून कमी, म्हणजे माणशी एक झाड सहज येतं. इथला साकुरा उत्सव १९९१ पासून भरतो, साधारण फेब्रुवारीभर. आणि त्या महिन्याभरात एवढ्याशा गावात लाखो माणसं येऊन जातात.

आम्ही वर्किंग डेला गेलो होतो, तरी बांधावर गर्दी होतीच. पण गर्दीचा चेहरा टोकियोपेक्षा वेगळा. उएनो पार्कमध्ये मार्चअखेरीला निळ्या ताडपत्र्या पसरून ऑफिसच्या ऑफिसं बियर पीत बसतात. सकाळी लवकर जाऊन जागा अडवायचं काम बऱ्याचदा ऑफिसातल्या नव्या पोराकडे येतं. (जगभर ज्युनियर्सच्या नशिबी हेच.) इथे ताडपत्री अंथरायला जागाच नाही. बांध अरुंद आणि फेब्रुवारीतली जमीन गार. त्यामुळे इथे चालायचं. टूरच्या बसमधून आलेल्या आज्यांचे घोळके, स्वेटर घातलेली कुत्री, बाबागाडीत कुत्रीच (हो, बाळं नव्हे!), आणि भलीमोठी लेन्स लावून एकाच फांदीवर नेम धरलेले निवृत्त आजोबा. ते नेमकं काय टिपतायत म्हणून मीही बघितलं. हिरवट रंगाचा, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला चिमुकला पक्षी उलटा लटकून फुलातला मध पीत होता. मेजिरो. आपल्याकडच्या चष्मेवाल्याचा सख्खा चुलतभाऊ. आपला तो पांगाऱ्यावर, शेवग्यावर दिसतो, हा साकुरावर. एवढाच फरक.

बांधाला लागून स्टॉल्सची रांग. इथे मात्र स्वतःला आवरा. वसाबी इझूची खासियत, त्यामुळे वसाबीचं आइस्क्रीमसुद्धा मिळतं. एकदा खा, फोटोपुरतं. ताजी वसाबी घातलेला भात इथे फार प्रसिद्ध आहे, पण शाकाहारी मंडळींनो, त्यावर सुक्या माशाचा भुगा असतो, आधी विचारा. साकुरा एबी असं गोड नाव वाचून भुलू नका, ती कोळंबी असते. मासे खाणाऱ्यांची मात्र चैन. सुकवलेले मासे जाळीवर भाजत असतात आणि त्या वासानं मला थेट मालवणच्या बाजारात नेऊन सोडलं. फुलांच्या उत्सवात सुक्या मासळीचा वास! कावाझू मला आवडायला सुरुवात झाली ती इथून.

गोड खायचं तर साकुरा मोची. गुलाबी भाताचा मऊ लाडू, आत लाल चवळीसारख्या अझुकी बियांचं पुरण आणि बाहेरून गुंडाळलेलं मिठात मुरवलेलं साकुराचं पान. हे पान ओशिमा साकुरा या जातीचं. ते मुख्यत्वे इझूच्याच पश्चिम किनाऱ्यावर, मात्सुझाकी गावात मुरवलं जातं. ताज्या पानाला फारसा वास नसतो, मिठात मुरलं की सुगंध सुटतो. पान खायचं की काढून टाकायचं यावर जपानी घराघरांत मतभेद आहेत म्हणे. मी हळदीच्या पानातल्या पातोळ्या खात वाढलेली, त्यामुळे हात आपोआप पान सोलायला गेला. मैत्रिणीनं दटावलं, "खा गं पानासकट!" खाल्लं. गोडाच्या मध्येच खारट. ती बरोबर होती.

आता या झाडाची गोष्ट. मला तरी ती फुलांपेक्षा जास्त भावली.

१९५५ चा फेब्रुवारी. कात्सुमी ईदा नावाच्या इथल्याच एका गृहस्थांना नदीकाठच्या वाळक्या गवतात साकुराचं एक रोप दिसलं. जेमतेम मीटरभर उंच. त्यांनी ते उपटून आणलं आणि घरासमोर लावलं. बस्स. पुढची अकरा वर्षं रोप नुसतं वाढत राहिलं. १९६६ मध्ये ते पहिल्यांदा फुललं. तेही जानेवारीच्या अखेरीला, कडाक्याच्या थंडीत, आणि तब्बल महिनाभर फुलून राहिलं. शेजारीपाजारी चक्रावले. कलमं मागायला लागले. सुरुवातीला लोक ईदांच्या घराण्याच्या ओळखीच्या नावावरून त्याला कोमिने साकुरा म्हणत. पुढे अभ्यासकांनी तपासलं तेव्हा लक्षात आलं की ही वेगळीच जात आहे. समुद्रातल्या त्या ओशिमा बेटाच्या नावाचा पांढरा ओशिमा साकुरा आणि दक्षिणेकडून आलेला गडद गुलाबी कानहि साकुरा यांचा निसर्गानंच केलेला संकर. १९७४ मध्ये त्याचं नामकरण झालं, कावाझू साकुरा. पुढच्याच वर्षी तो गावाचा अधिकृत वृक्ष झाला.

म्हणजे नदीकाठी दिसणारी ही सगळी झाडं त्या एका रोपाची कलमं. नवल वाटून घेऊ नका, आपला हापूस तरी काय आहे? बाठा लावून हापूस येत नाही, कलमच लागतं. टोकियोतला तो प्रसिद्ध सोमेई योशिनो साकुराही कलमांचीच प्रजा. सगळी झाडं एकमेकांची हुबेहूब नक्कल, म्हणून तर एका भागातली सगळी एकदम फुलतात आणि एकदम गळतात. ज्याला आपण निसर्गाचा चमत्कार म्हणतो, त्यात माळ्याच्या चाकूचा वाटा मोठा आहे.

ईदांच्या घरासमोरचं ते मूळ झाड अजून उभं आहे. स्टेशनपासून वीसेक मिनिटं चालत. देऊळ नाही, तिकीट नाही. साध्या रस्त्याच्या कडेला, साध्या घरासमोर, सत्तरीतलं झाड. लोक येतात, वाकून पाटी वाचतात, फोटो काढतात आणि घरातल्यांना त्रास नको म्हणून हळू आवाजात बोलतात. बांधावरच्या झाडांपेक्षा हे झाड मोठं आहे, पण खूप मोठं नाही. माहिती नसेल तर तुम्ही सरळ पुढे निघून जाल.

साकुराबद्दल लिहायचं म्हणजे 'जीवन क्षणभंगुर आहे' असं लिहावंच लागतं, जणू नियमच आहे. एका आठवड्यात गळणारी फुलं, म्हणून आयुष्याचं प्रतीक वगैरे. खोटं नाही ते, जपानी कवितेत शेकडो वर्षं ही भावना आहे. पण त्याच भावनेचा वापर काय झाला हेही आठवावं. दुसऱ्या महायुद्धात तरुण पोरांना सांगितलं गेलं, साकुराच्या पाकळीसारखे देशासाठी गळून पडा. शत्रूच्या जहाजांवर वैमानिकासकट आदळण्यासाठी बनवलेल्या विमानाचं नावच होतं ओका, म्हणजे साकुराचं फूल. वैमानिक विशी-बाविशीतले. हे वाचल्यापासून 'किती सुंदर गळतात ना' असं मला चटकन म्हणवत नाही. युद्ध संपल्यावर दहाच वर्षांनी सापडलेलं, महिनाभर हटून बसणारं, गळायची अजिबात घाई नसलेलं हे झाड म्हणूनच मला फार गोड वाटलं.

पण तेही कायमचं नाही. बांधावर संत्र्यांच्या जातीची फळं विकणाऱ्या एक आजी होत्या. वय सत्तरीपुढचं. मैत्रिणीनं जपानीत बोलायला सुरुवात केल्यावर त्या खुलल्या, आमच्या हातात एकेक फळ फुकट ठेवलं. म्हणाल्या, "मी लग्न होऊन या गावात आले, तेव्हा ही झाडं माझ्या कमरेएवढी होती." मग स्टॉलच्या पलीकडे बोट दाखवलं. रांगेत एक खिंडार होतं. तिथे जमिनीसरशी कापलेलं खोड. "ते गेलं. तिथे आता दुसरं लावता येत नाही."

का नाही? मला वाटलं, मैत्रिणीचं भाषांतर चुकलं. पण नाही. बांधावरची ही झाडं लावायला सुरुवात झाली ती १९७० च्या दशकात. आता ती म्हातारी होतायत. दरम्यान नदीच्या बांधांवर झाडं लावण्याबाबत जपानमध्ये नियम कडक झाले. मुळं बांध पोखरतात, झाड मेलं की कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळी राहते आणि पुराच्या वेळी नेमका तिथूनच बांध फुटू शकतो. ज्या देशात वादळं आणि पूर दरवर्षीचे, तिथे हा नियम मूर्खपणाचा म्हणता येणार नाही. पण त्याचा अर्थ असा की, आज दिसते ती रांग जशीच्या तशी पुन्हा उभी करता येणार नाही. नवी झाडं लावायची तर बांधापासून दूर, दुसऱ्या जागी. ज्या गावाचं वर्षाचं गणित या एका महिन्यावर टेकलंय, त्या गावासाठी ही साधी गोष्ट नाही. आजी मात्र शांत होत्या. आम्हाला फळं सोलून द्यायच्या गडबडीत.

संध्याकाळी पाय बोलायला लागले तेव्हा गरम पाण्याचा उतारा सापडला. हा सगळा भाग उष्ण झऱ्यांचा. मिने इथे १९२६ साली खोदलेल्या एका झऱ्याचं पाणी आजही ठरावीक वेळानं तीस मीटर उंच उसळतं. ते बघा, पण पाय बुडवायच्या कुंडांसाठी जास्त वेळ ठेवा. बूट-मोजे काढायचे, पोटऱ्यांपर्यंत पाय गरम पाण्यात, डोक्यावर साकुरा. शेजारी बसलेल्या अनोळखी काकूंनी न मागता टॉवेल पुढे केला. स्वतःचा छोटा टॉवेल नेलात तर उत्तम. अंधार पडला की काही ठिकाणी झाडांवर दिवे सोडतात. खरं सांगू? दिवसा जास्त छान दिसतं. रात्री तो गुलाबी रंग जरा लग्नाच्या हॉलसारखा वाटतो. राहायची सोय गावात मर्यादित आहे आणि लवकर संपते, त्यामुळे राहायचं असेल तर बुकिंग आधी, रजेचा अर्ज नंतर.

कधी जावं? कावाझू साकुराही थंडीप्रमाणे मागेपुढे होतो, पण महिनाभर फुलत राहतो, म्हणून चूक पोटात घालतो. सुरुवातीला गेलात तर कळ्या जास्त, अखेरीला गेलात तर फुलांमध्ये कोवळी हिरवी पानं डोकावतात. आम्ही गेलो तेव्हा काही झाडांवर पानं आली होती. फोटोवाल्यांना ती खुपतात, मला आवडली. आठवड्याच्या मधला दिवस, सकाळची पहिली गाडी, एवढं पाळलंत तर बांधावर चालायला जागा मिळेल. कचऱ्याचे डबे फारसे मिळत नाहीत, पिशवी जवळ ठेवा.

परतीच्या गाडीत समोरच्या सीटवर एक मध्यमवयीन जोडपं होतं. नवऱ्याच्या मांडीवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, हातभर उंचीचं कलम. कावाझू साकुराची रोपं स्टॉलवर विकत मिळतात, ती आम्हीही बघितली होती. भारतात आणायची म्हटली तर क्वारंटाइनचे सतरा नियम, म्हणून हात आवरला होता. मैत्रिणीनं त्यांना विचारलं, कुठे लावणार? बाई म्हणाल्या, आमच्याकडे अंगण नाही, कुंडीत लावू. नवरा म्हणाला, मुलीच्या घरी आहे ना अंगण, तिला देऊ. यावर त्या दोघांचा वाद सुरू झाला. पुढचं मैत्रिणीनं भाषांतर केलं नाही, करायची गरजही नव्हती. आतामी येईपर्यंत तो चालू होता आणि तेवढ्या वेळात त्यानं दोन्ही हातांनी धरलेलं कलम एकदाही खाली ठेवलं नाही.